चौदा नंबरची बाटली

चाळीस बाटल्यांवरची लेबलं भिजवून काढायला बाईंना पस्तीस मिनिटं लागली. ती काढली नसती तर बरं झालं असतं, हे कळायला अडीच आठवडे लागले, आणि तेव्हा ती परत चिकटवायला फक्त दहा मिनिटं पुरली. शास्त्रात मागे जाणारी क्रिया इतकी वेगवान क्वचितच आढळते.

कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक मुलाला नंबर घातलेली एक बाटली मिळे. बाटलीत एक क्षार. मुलाने तो ज्योतीत धरायचा, पाण्यात विरघळवायचा, त्यावर आम्ल ओतायचं, निघालेला वायू नाकाकडे हाताने वारा घेऊन हुंगायचा आणि त्यात कोणता धन आयन आणि कोणता ऋण आयन आहे ते शोधून काढायचं. कुठल्या नंबरात कोणता क्षार, ही यादी अत्यंत गुप्त होती. इतकी गुप्त, की फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे ती दोनच प्रकारांत मिळे: साधी आणि लॅमिनेशन केलेली.

बाई त्या वर्षी विभागप्रमुख झाल्या होत्या आणि नव्या पदावर माणसाला काहीतरी सुधारावंसं वाटतंच. त्यांनी नंबर बदलायचं ठरवलं. घरी बोलल्या, तेव्हा यजमान वर्तमानपत्राआडून म्हणाले की जुन्या लेबलावर नवं चिकटव, भिजवतेस कशाला. बाईंना हे पटलं नाही. वरचं लेबल कुणीही नखाने उचकटून पाहील. अर्धवट काम म्हणजे काम नव्हे. त्यांनी टबात कोमट पाणी घेतलं, बाटल्या भिजवल्या, पुसल्या आणि खिडकीच्या कट्ट्यावर डावीकडून उजवीकडे, एक ते चाळीस, ओळीने सुकत ठेवल्या. कुठली कितवी हे ओळीवरून कळत होतंच. मग त्या प्राचार्यांनी बोलावलेल्या स्वच्छताविषयक बैठकीला गेल्या.

परत आल्या तेव्हा झाडणाऱ्या मावशींनी बाटल्या उंचीप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. मोठ्या मागे, लहान पुढे, वर्गाचा फोटो काढायला उभ्या केल्यासारख्या. कुणीतरी वेड्यावाकड्या ठेवल्या होत्या, असं मावशींनी तक्रारीच्या सुरात सांगितलं.

बाई घाबरल्या नाहीत. अकरा क्षार रंगीतच होते. तांब्याचा निळा, निकेलचा हिरवा, कोबाल्टचा गुलाबी, ते पाहताक्षणी ओळखू आले. उरले एकोणतीस पांढरे. पांढरे क्षार ओळखणं हेच तर त्या सव्वीस वर्षं शिकवत होत्या. दोन दुपारींचं काम, असं त्यांनी मनाशी धरलं. आता शिकवणं आणि करणं यात थोडा फरक पडतो. परीक्षानळी बाईंनी गेल्या वीस-बावीस वर्षांत हातात धरली नव्हती. त्या मुलांच्या वहीवर सही करत. त्यामुळे क्रम एकदा डोळ्यांखालून घालावा म्हणून त्यांनी पुस्तक उघडलं. ते मात्र कपाटाच्या दाराआड उभं राहून, कुणी पाहत नाही ना याची खात्री करून.

पहिल्या बाटलीतली चिमूट तारेच्या टोकावर घेऊन त्यांनी ज्योतीत धरली. ज्योत पिवळीधमक झाली. म्हणजे सोडियम. बाई नुसत्या हसल्या. सोडियम हे फार आगाऊ मूलद्रव्य आहे; बोटाच्या घामातही असतं आणि न बोलावता ज्योतीत येऊन बसतं. त्यांनी हात धुतले, तार तीव्र आम्लात बुडवून स्वच्छ केली. दुसरी बाटली: पिवळी. तिसरी: पिवळी. पाचव्या बाटलीपर्यंत बाईंनी नऊ वेळा हात धुतले होते आणि कातडी कोरडी पडून बोटं उलू लागली होती. मग त्यांनी निळी काच काढली. या काचेतून पाहिलं की सोडियमचा पिवळा रंग गाळला जातो आणि त्याखाली दुसरा कुठला रंग दडला असेल तर तो दिसतो. काहीही दडलेलं नव्हतं.

ऋण आयनाचीही तीच तऱ्हा. सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले की दह्यासारखा पांढरा साका. अमोनियात साका विरघळून जाई. म्हणजे क्लोराइड. पण क्लोराइड नळाच्या पाण्यातही असतं, आणि प्रयोगशाळेतलं ऊर्ध्वपातित पाणी करण्याचं यंत्र तीन वर्षं दुरुस्तीच्या प्रतीक्षेत होतं. मग 'ऊर्ध्वपातित पाणी' असं लिहिलेल्या कॅनमध्ये काय होतं हे बाईंना आता विचारावंसंही वाटेना.

संध्याकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरचे निवृत्त अधीक्षक भेटले. इमारतीतल्या प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे सल्ला असे आणि तो मागावा लागत नसे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की बाईंनी आधी लेखी कळवून ठेवावं, आवक क्रमांक घ्यावा आणि मगच खरं काय ते शोधावं. आधी खरं सापडलं आणि मग अर्ज केला, तर अर्ज कशासाठी केला असं विचारतात. बाईंना हा माणूस नेहमीच थोडा ओंगळ वाटे. पुढे त्यांना हे वाक्य वारंवार आठवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी औषधाच्या दुकानातून इंजेक्शनमध्ये मिसळायच्या शुद्ध पाण्याच्या साठ काचेच्या कुप्या आणल्या. दुकानदाराने हळू आवाजात घरी कोण आजारी आहे ते विचारलं. कुणीच नाही म्हटल्यावर त्याने जी नजर टाकली, ती बाईंना घरापर्यंत पुरली.

कुपी कुपी फोडून त्यांनी नव्याने सुरुवात केली. आधी नुसत्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट: पाणी काचेसारखं स्वच्छ राहिलं. मग त्यात बाटलीतली चिमूट: दही. पाणी निर्दोष होतं. तार निर्दोष होती. बोटंही. आठवड्याच्या शेवटी बाईंच्या वहीत एकोणतीस पांढऱ्या क्षारांचा निकाल असा होता. चार बाटल्यांत धुण्याचा सोडा. त्यावर आम्ल ओतल्यावर फसफसून वायू आला आणि त्याने चुन्याची निवळी दुधाळ केली. तीन बाटल्यांत तुरटी. दोन बाटल्यांतला क्षार तापवल्यावर वितळला, तपकिरी झाला, आणि प्रयोगशाळेत सव्वीस वर्षांत प्रथमच काहीतरी खावंसं वाटणारा वास सुटला. ती साखर होती. एक बाटली तेवढी प्रामाणिक निघाली. तिच्यात खरोखर नवसागर होता, आणि सोड्याबरोबर तापवल्यावर त्यातून निघालेल्या अमोनियाने बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते अमोनियानेच आलं, असं त्यांनी नमूद केलं.

उरलेल्या एकोणीस बाटल्यांत सोडियम आणि क्लोराइड.

बाईंनी दाराला आतून कडी घातली. भिंतीवर लाल अक्षरांत पाटी होती: 'प्रयोगशाळेतील कोणताही पदार्थ चाखू नये.' अक्षर त्यांचंच होतं. विरळ सल्फ्युरिक आम्ल घालून साका येत नाही, म्हणजे बेरियम नाही आणि शिसंही नाही, ही खात्री त्यांनी दोनदा करून घेतली. मग पाटीकडे पाठ करून, झाकणाला टवका उडालेल्या एका बाटलीतला एक कण जिभेवर ठेवला. वहीत लिहिलं: 'निरीक्षण: खारट.' मग 'निरीक्षण' खोडलं. मग परत लिहिलं.

कडी वाजली. बाईंनी दार उघडलं, तसे प्रयोगशाळेचे परिचर आत आले. त्यांना सगळं कॉलेज मामा म्हणे. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठे नव्हतं.

“मामा, हे मीठ आहे.”

“हो मॅडम,” मामा म्हणाले. जणू बाईंनी त्यांना वेळ विचारली होती.

कधीपासून, या प्रश्नावर मामांनी जरा हिशेब केला आणि धाकटीचं लग्न झालं त्याच्या आदल्या वर्षापासून, असं सांगितलं. म्हणजे एकोणीस वर्षं. क्षार संपत. मामा मागणीपत्र करत. मागणीपत्रावर कार्यालय शेरा मारी: 'गतवर्षीच्या मागणीचा संदर्भ जोडावा.' गतवर्षीचं मागणीपत्र त्याच्या गतवर्षीच्या संदर्भासाठी अडकलेलं असे. इकडे परीक्षा दारात. मुलांच्या समोर रिकाम्या बाटल्या ठेवायच्या का? म्हणून मामांनी घरून डबा भरून आणला. पहिल्या वर्षी त्यांना रात्र रात्र झोप लागली नव्हती. पण सगळी मुलं पास झाली. बाहेरून आलेले परीक्षक चहा पिऊन, छान तयारी करून घेतलीत म्हणून सही करून गेले. नंतर मामांना झोप लागायला लागली.

“एकोणीस वर्षं या कॉलेजची परीक्षा माझ्या घरच्या मिठावर चाललीय मॅडम,” मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात अपराध नव्हता, थोडा अभिमानच होता. “आणि नंबर लावायचे होते तर मला विचारायचं ना. मी बाटलीच्या अंगावरून सांगितलं असतं.”

त्यांनी सांगायला सुरुवातही केली. ही बुडाला जाड ती तीन. ही मानेला वाकडी ती नऊ. ही झाकणाला टवका उडालेली, ही तर चौदा, बेरियम नायट्रेट.

जिच्यातला कण बाईंच्या जिभेवर अजून विरघळत होता, तीच ती बाटली. बाई स्टुलावर बसल्या. चौदा नंबर त्यांना आठवत होता.

गेल्या वर्षीच्या परीक्षेत एका मुलीला चौदा नंबर मिळाला होता. सडपातळ, दोन वेण्यांची, औषधनिर्माणशास्त्राला जाणार म्हणून वर्षभर पहिल्या बाकावर बसलेली. तिने उत्तरपत्रिकेत लिहिलं: ज्योत पिवळी, धन आयन सोडियम, ऋण आयन क्लोराइड. बाईंनी तिला बोलावून घेतलं होतं. बेरियमची ज्योत हिरवी असते, हे शाळेतल्या मुलाला कळतं, असं त्या म्हणाल्या होत्या. मुलगी म्हणाली, पिवळीच दिसली. मामांनी तिच्या टेबलाजवळून जाताना दोनदा बेरियम बेरियम पुटपुटलं होतं, तरी तिने ऐकलं नव्हतं. बाईंना तिच्या हट्टाचा राग आला. 'सोडियम अभ्यासक्रमातच नाही. जे अभ्यासक्रमात नाही ते बाटलीत कसं असेल?' असं त्या सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या होत्या, आणि पुढे, मुलं हसत होती म्हणून जरा चढलेल्या आवाजात: 'रंग कळत नसतील तर डोळे तपासून घे.' आणि तिला नापास केलं होतं. त्या तुकडीत वीस जणांच्या बाटलीत मीठ, सोडा, तुरटी किंवा साखर होती. एकोणीस जणांनी त्यात बेरियम, शिसं, जस्त शोधून काढलं आणि पैकीच्या पैकी गुण घेतले. विसावी ती.

बाई सोमवारी अर्ज घेऊन प्राचार्यांकडे गेल्या. अर्ज साधा होता: चौदा क्रमांकाच्या बाटलीत मीठ होतं, सबब सदर विद्यार्थिनीचं उत्तर अचूक होतं, सबब निकाल दुरुस्त व्हावा. प्राचार्यांनी अर्जासोबतची यादी वाचली आणि ते साखरेपाशी थांबले. ती साखर कुठल्या बाटलीत होती? शिशाच्या क्षाराच्या. मग शिशाचा क्षार कुठे गेला? आणि शिक्षकांच्या चहाच्या साखरेचा डबा कुणाच्या ताब्यात असतो?

मामांच्या.

पुढच्या एका तासात कॉलेजमध्ये जी हालचाल झाली तशी बाईंनी सव्वीस वर्षांत पाहिली नव्हती. मराठीच्या प्राध्यापकांना आपल्या हिरड्या शिशाच्या विषाने होतात तशा निळ्या वाटू लागल्या. भूगोलाच्या बाई घरी निघून गेल्या. चहाच्या डब्यातली साखर तातडीने तपासावी असा लेखी आदेश निघाला. बाईंनी साखर विरघळवली, पोटॅशियम आयोडाइड घातलं. शिसं असतं तर पिवळा साका आला असता, तो आला नाही. कार्यालयाने लगेच प्रमाणपत्र टाइप केलं, त्यावर प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का उमटला, आणि ते चहाच्या डब्यावर चिकटवण्यात आलं. सगळ्यांनी चहा घेतला. मामांचं मीठ एकोणीस वर्षं सगळ्यांनी खाल्लं होतंच. आता त्यांची साखरही अधिकृत झाली.

मुलीच्या अर्जाची पाळी त्यानंतर आली. मुख्य लिपिकांनी साठा नोंदवही आणली. नोंदवहीप्रमाणे चौदा क्रमांकात बेरियम नायट्रेट होतं आणि दर वर्षअखेर 'प्रत्यक्ष पडताळणी केली, बरोबर आढळले' अशी नोंद होती. अकरा वर्षं ओळीने खाली एकच सही. लिपिकांनी ती सही बाईंच्या दिशेने वळवली आणि ही कुणाची हो, असं खरोखर माहीत नसल्यासारखं विचारलं.

बाईंनी आपली सही ओळखली. प्राचार्यांनी मग समजुतीच्या स्वरात विषय मांडला. एक मुलगी बरोबर ठरवायची तर एकोणीस मुलं चूक ठरतात. त्यातली काही चांगल्या ठिकाणी लागली आहेत. त्यातला एक तर त्यांचा भाचा आहे, डॉक्टरकीला आहे. आणि त्याआधीची अठरा वर्षं?

“तुम्ही शास्त्राच्या माणूस आहात,” ते म्हणाले. “एक चूक राहू द्यायची का हजार काढायच्या, तुम्हीच सांगा.”

त्यांनी त्रिसदस्यीय चौकशी समिती नेमली. अध्यक्ष बाई, सदस्य मुख्य लिपिक, सचिव मामा. बाईंनी भिन्नमत नोंदवायचं ठरवलं होतं, पण अध्यक्षांना भिन्नमत नोंदवता येत नाही असं लिपिकांनी नियम दाखवून सिद्ध केलं. समितीचा निष्कर्ष एका ओळीत बसला: 'यापुढे काळजी घेण्यात यावी.' अधीक्षकांनी जिन्यात विचारलं, आवक क्रमांक घेतला होता का. घेतला नव्हता.

नवे क्षार यायला वेळ नव्हता. परीक्षेच्या आदल्या दुपारी मामांनी चाळीसही बाटल्यांवर जुने नंबर दहा मिनिटांत चिकटवले. एकही चुकला नाही.

परीक्षेच्या दिवशी बाई चौदा नंबरच्या टेबलामागे जाऊन उभ्या राहिल्या. चौदा नंबर एका गोऱ्या, भांग पाडलेल्या, अतिशय आज्ञाधारक मुलाला आला होता. त्याने तार ज्योतीत धरली. ज्योत पिवळी झाली, इतकी की त्याचा चेहराही पिवळा दिसला. त्याने वहीत लिहिलं: हिरवी.

“कुठला रंग आहे?” बाईंनी विचारलं.

मुलाने ज्योतीकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. बाईंना काय हवं असेल ते त्याने क्षणभर शोधलं, आणि अदबीने म्हणाला, “हिरवा, मॅडम.”

बाई थांबल्या. पिवळा म्हण, असं त्यांनी सांगितलं असतं तर तो पिवळाही म्हणाला असता, हे त्यांना दिसत होतं. बाहेरून आलेले परीक्षक टेबलापाशी आले, उत्तर वाचून मान डोलावली आणि बाईंच्या पुढे पेन धरलं. बाईंनी सही केली.

ती मुलगी बाजाराच्या रस्त्यावर चष्म्याच्या दुकानात असते, ही माहिती मामांनी दिली. मामांना सगळंच माहीत असे. बाईंनी घरी एका कोऱ्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, की चौदा क्रमांकाच्या बाटलीबाबत सदर विद्यार्थिनीने नोंदवलेलं निरीक्षण अचूक होतं आणि परीक्षकाचं चूक. खाली सही केली, तारीख घातली. यजमान म्हणाले, जाऊन काय मिळणार आहे तुला. बाईंनी कागदाची घडी घातली.

दुकानात काउंटरमागे तीच होती. वेण्या गेल्या होत्या, केस कापलेले. डोळ्यांवर चष्मा नव्हता. तिने बाईंना लगेच ओळखलं आणि उभी राहिली. तेवढ्यानेच बाईंचं घोकून आणलेलं पहिलं वाक्य गेलं.

“चौदा नंबरात मीठच होतं,” त्या एकदम म्हणाल्या.

मुलीने काउंटरवरच्या फ्रेमी सरळ केल्या. “मला तेव्हा तसंच दिसलं होतं,” ती म्हणाली. “पण तुम्ही म्हणालात म्हणून डोळे दाखवले. तीन ठिकाणी. तिघेही म्हणाले काही दोष नाही. मला वाटलं, त्यांनाही कळत नसेल. चौथे या दुकानाचे मालक. ते म्हणाले, एवढी येतेसच तर काउंटरवर बस.”

बाईंनी कागद पुढे केला. तिने तो उलगडून पूर्ण वाचला, मग उलटून मागची बाजू पाहिली.

“शिक्का नाही?”

“नाही.”

“म्हणजे निकाल बदलणार नाही.”

“नाही,” बाई म्हणाल्या.

तिने कागदाची होती तशीच घडी घातली आणि बाईंच्या बाजूला सरकवली. मागे कोणीतरी दुकानाचं दार उघडून पुन्हा लावलं. बाईंनी कागद पर्समध्ये ठेवला आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाल्या की अलीकडे वाचताना त्रास होतो, आलेच आहे तर तपासून देतेस का. मुलगी म्हणाली, बसा.

आतल्या अंधाऱ्या खोलीत समोर अक्षरांचा तक्ता उजळला. बाई याच दुकानात पूर्वीही तीन-चारदा आल्या होत्या. उजवा डोळा झाकून त्यांनी वरपासून वाचायला सुरुवात केली. शेवटच्या दोन ओळी तर न अडखळता, शेवटच्या अक्षरापर्यंत. वाचून झाल्यावर त्यांना नकळत सुटल्यासारखं वाटलं.

मुलीने तक्त्याकडे पाहिलं.

“वरच्या ओळी जुन्याच आहेत, मॅडम,” ती मग म्हणाली. “खालच्या दोन मी बदलून घेतल्या. लोक पाठ करून येतात.”

बाईंनी हात खाली घेतला नाही. झाकलेल्या डोळ्यावरचा तळवा ओला झाला होता. खाली दोन करड्या रेघा होत्या, मुंग्यांची रांग लांबून दिसते तशा.

“पुन्हा सांगा,” मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “जे दिसतं तेवढंच. नाही दिसलं तर नाही म्हणा. इथे कुणी हसत नाही.”

बाईंनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“दिसत नाही,” त्या म्हणाल्या.

मुलीने ते कार्डावर लिहून घेतलं, जसंच्या तसं, आणि खाली गोल शिक्का मारला.